'नकुशी' नावाच्या बायकांवर लघुप्रबंध करायचा आहे, नुसतं संमतिपत्र पुरेल का?

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. तुम्ही एम. ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहात, गाव माण तालुक्यातलं. ज्या बायकांचं नाव लहानपणी 'नकुशी' किंवा 'नकोशी' ठेवलं होतं, त्यांचा आत्मसन्मान इतर बायकांपेक्षा कमी असतो का, हे तुम्हाला मोजायचं आहे. ३० नकुशी, ३० दुसऱ्या, आत्मसन्मानाची एक प्रश्नावली आणि शेवटी टी-टेस्ट, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची आकडेमोड. संमतिपत्राचा आणि प्रश्नावलीच्या पहिल्या पानाचा मसुदाही तुम्ही पाठवला आहे. तुमची सख्खी मावशीच नकुशी, म्हणून पहिल्या पाच-सहा जणी तिच्या ओळखीतून मिळतील. सर म्हणाले, संमतिपत्रावर सह्या घ्या, नावं गुप्त ठेवा, झालं. तुम्हाला मात्र चैन पडत नाही.

नाही पुरणार. पण म्हणून विषय सोडू नका. असले विषय सगळ्यांनी सोडले म्हणूनच आपल्याकडे 'महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील परीक्षेचा ताण' या विषयावरच्या लघुप्रबंधांनी कपाटं भरली आहेत. वर्गात बसलेली पोरं आयती मिळतात, कुणी हरकत घेत नाही, आणि कुणाचं काही अडतही नाही.

मी साताऱ्यात २६ वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते आणि गेली काही वर्षं एका एथिक्स कमिटीवर, म्हणजे संशोधनात माणसांना इजा होणार नाही ना हे आधी तपासणाऱ्या समितीवर, बसते. पुढचं सगळं त्या दोन खुर्च्यांवरून दिसलेलं आहे.

संमतिपत्राचं गणित सोपं असतं. मी काय विचारणार, का विचारणार, तुला काय त्रास होऊ शकतो, मधेच उठून जाता येईल, हे समोरच्या बाईला सांगायचं आणि तिची सही किंवा अंगठा घ्यायचा. त्रास झालाच तर तो सही करणारीला होईल, असं यात धरलेलं असतं. काही विषयांत हे धरणंच चुकतं. जोन सीबर आणि बार्बरा स्टॅनली या दोघींनी १९८८ मध्ये अशा संशोधनाला सामाजिकदृष्ट्या संवेदनशील म्हटलं. भाग घेणाऱ्या माणसावरच नव्हे, तर तो ज्या गटातला आहे त्या सगळ्या गटावर ज्याचे परिणाम होऊ शकतात, ते संशोधन. चार ठिकाणी बघा, असं त्या म्हणाल्या. प्रश्न कसा मांडला, माणसांना कसं वागवलं, कोणत्या संस्थेच्या आश्रयाने काम झालं, आणि निघालेल्या निष्कर्षाचं पुढे कुणी काय केलं. तुमच्या सरांनी यातल्या दुसऱ्या ठिकाणाचं अर्धं उत्तर दिलं आहे. साडेतीन शिल्लक आहेत.

तुमच्याकडे सह्या असतील ३० जणींच्या. निष्कर्ष मात्र निघेल 'नकुशी नावाच्या बायका अशा अशा असतात' असा. तो ज्यांना चिकटेल त्यांच्यातल्या बहुतेकींनी तुमचा कागद पाहिलेलाही नसेल.

आता या नावाचीच गोष्ट घ्या. तीन-चार मुली झाल्या की पुढचीचं नाव नकुशी ठेवायचं, म्हणजे वर निरोप जातो की आता मुली पुरेत, मुलगा दे. घरात हाक मारायला ठेवलेलं नाव मग शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, सगळीकडे जातं. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी आली. काहींनी नटीचं नाव घेतलं, काहींनी साधंसं घेतलं, नवं नाव लिहिलेलं प्रमाणपत्र हातात घेऊन फोटो काढले. तेव्हा सहा-सात वर्षांच्या असलेल्या पोरी आज विशीत आहेत. बऱ्याच जणींची लग्नं झाली असतील. आणि सासरी जुनं नाव किती जणींनी सांगितलं असेल, याचा विचार तुम्हीच करा.

काही वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगते. तपशील बदलले आहेत, गाव मुद्दाम सांगत नाही. एक बाई झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे आली. लग्नाला सहा वर्षं झालेली, एक मुलगा. कुठल्याशा पाहणीवाला पोरगा हातात यादी घेऊन तिच्या अंगणात उभा राहिला होता. ती आत चुलीपुढं भाकरी थापत होती, सासू उंबऱ्यात. पोरगा म्हणाला, "नकुशी हितंच दिल्याती का?" सासू म्हणाली, "हितं न्हाई कोण नकुशी." पोरगा प्रामाणिक. त्याने यादीवरून बापाचं नाव आणि माहेरचं गाव वाचून दाखवलं. तव्यावरची भाकरी करपली. नवरा काही बोलला नाही. पण जावेला भांडणात वापरायला एक शब्द मिळाला, आणि तो तिने दोन वर्षं वापरला. ही बाई मला म्हणाली, "नाव कागदावर बदललं ओ मॅडम, लोकांच्या तोंडातनं कुठं जातंय?"

त्या पाहणीत तिने सही केलेली नव्हती. 'नाही' म्हणायलाही तिला कुणी विचारलं नव्हतं. संमतिपत्र पिशवीतून बाहेर यायच्या आधीच जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. अमेरिकेत लॉड हम्फ्रीज नावाच्या समाजशास्त्रज्ञाचा, १९७० मध्ये छापून आलेला अभ्यास यासाठीच बदनाम आहे. सार्वजनिक शौचालयात शरीरसंबंधासाठी गुपचूप भेटणाऱ्या पुरुषांच्या गाड्यांचे नंबर त्याने टिपले, त्यावरून घरचे पत्ते काढले, आणि वर्षभराने वेश बदलून आरोग्य पाहणीच्या नावाखाली त्यांच्याच दारात जाऊन मुलाखती घेतल्या. माहिती त्याने फोडली नाही. तरी ज्या दारावर थाप पडली, त्या दारामागे बायको-पोरं होती.

तेव्हा यादीच्या मागे लागू नका. नाव बदलण्यासाठी केलेली ती यादी त्याच कामासाठी होती. ओळखीतल्या कुणी झेरॉक्स दिली तरी घेऊ नका, ती त्याची नाहीच द्यायला. तुमची वाट उलटी पाहिजे. बचत गटाच्या बैठकीत, अंगणवाडीच्या हळदीकुंकवाला, सगळ्याच बायकांना सांगा की मी 'नावं' या विषयावर अभ्यास करतेय, ज्यांचं नाव कधी बदललं असेल आणि बोलावंसं वाटत असेल त्यांनी या नंबरावर मिस्ड कॉल द्यावा. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या बायका आपल्याकडे पुष्कळ, त्यामुळे मिस्ड कॉल दिला म्हणजे नकुशीच, असं कुणी म्हणू शकणार नाही. ३० जणी मिळणार नाहीत. आठ मिळाल्या तरी पुष्कळ. आणि परत फोन करताना पलीकडून कुणीही उचलू शकतं हे धरून बोला. पहिलं वाक्य आधीच ठरवून ठेवा.

आता पहिलं ठिकाण, प्रश्नाची मांडणी. इथे मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

नोकरीच्या सुरुवातीला एका साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोडणीवाल्यांच्या मुलांची बुद्धिमापन चाचणी मी घेतली होती. रेव्हनच्या आकृत्यांची. त्यात भाषा लागत नाही, म्हणून ती कुणालाही चालते असं आम्हाला शिकवलेलं. बीडकडून आलेल्या टोळ्या, कोप्यांच्या रांगा, पहाटे अंधारातच आई-बाप कोयते घेऊन फडात गेलेले. पोरं धाकट्यांना सांभाळून, पाणी भरून माझ्यापुढे बसायची. एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा चौदाव्या की पंधराव्या आकृतीवर बोट ठेवून झोपला. रात्री गाडी भरायला बापाबरोबर जागला होता. मी त्याला हलवून उठवलं आणि चाचणी पुरी करून घेतली. गुण मांडले. मुलांना मदत मिळावी म्हणून नावानिशी यादी जवळच्या एका शाळेला दिली. महिनाभराने गेले तेव्हा ती यादी शिक्षकांच्या खोलीत कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती, आणि खालच्या गुणांची पोरं वर्गात मागच्या भिंतीला. त्या शाळेला मी दोष देत नाही. 'कुणाची बुद्धी किती' असा प्रश्न मीच विचारला होता, आणि त्याचं उत्तर त्यांनी वापरलं. 'रात्रभर जागलेल्या पोराला शिकवायचं कसं' असा प्रश्न विचारला असता तर वेगळी यादी निघाली असती.

नंतर हेन्री गॉडार्डबद्दल वाचलं तेव्हा ते कपाट आठवलं. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या संस्थेत हा मानसशास्त्रज्ञ काम करत होता. तिथल्या एका मुलीच्या घराण्याची वंशावळ त्याने १९१२ मध्ये पुस्तकरूपात छापली. एकाच पुरुषाच्या दोन शाखा, एक सज्जन आणि एक 'मंदबुद्धी', असा त्याचा दावा. घराण्याची ओळख लपवायला त्याने टोपणनाव दिलं, कॅलिकॅक. ग्रीक भाषेतले 'चांगला' आणि 'वाईट' हे दोन शब्द जोडून केलेलं. म्हणजे नाव लपवलं, आणि लपवता लपवताच कपाळावर शिक्का मारला. ती वंशावळच चुकीची होती, हे पुढे संशोधकांनी दाखवलं. पण तोवर मंदबुद्धी हे रक्तातच येतं अशी हवा तयार झाली होती. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका तरुणीची सक्तीची नसबंदी कायदेशीर ठरवली, ती याच हवेत. गॉडार्डने सगळ्यांच्या सह्या घेतल्या असत्या तरी यातलं काय टळलं असतं?

आपल्याला एवढ्या लांब जायचीही गरज नाही. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, पारधीही त्यात आले. तो कायदा १९५२ मध्ये गेला. तरी परवा आमच्या कमिटीपुढे 'पारधी वस्तीवरील मुलांमधील आक्रमकता' असा प्रस्ताव आलाच. करणारा मुलगा चांगला होता, मनात काही वाईट नव्हतं. पण त्याच्या शीर्षकातच १८७१ बसलेलं होतं. आम्ही त्याला विचारलं, गावातल्या बाकीच्या मुलांची आक्रमकता का नाही मोजत? त्याला उत्तर सुचलं नाही. शेवटी तो या मुलांना शाळेत रोज काय ऐकावं लागतं, याकडे वळला.

आता तुमचा प्रश्न याच नजरेने बघा. 'नकुशींचा आत्मसन्मान कमी असतो का?' कमी निघाला तर ठळक बातमी होईल, 'नकुशींमध्ये न्यूनगंड', आणि आधीच नको म्हटलेल्या बाईला आता मानसिकदृष्ट्याही अधू ठरवलं जाईल. काहीच फरक निघाला नाही तर? तर कुणीतरी म्हणेल, बघा, नावात काय आहे, उगाच बाऊ करतात. दोन्हीकडून मार तिलाच. ज्या प्रश्नाचं कुठलंही उत्तर विचारलेल्या माणसाच्या अंगावर येतं, तो प्रश्न मी कमिटीत पुढे जाऊ देत नाही.

शिवाय आराखडाही टिकत नाही, आणि हे नुसतं मार्कांपुरतं नाही. चौथ्या-पाचव्या मुलीचं घर म्हणजे खाणारी तोंडं जास्त, बहुधा कोरडवाहू जमीन, मुलीची शाळा लवकर सुटलेली. तुमच्या ३० दुसऱ्या बायका यात वेगळ्या असणार. फरक निघाला तरी तो नावाचा, गरिबीचा की शाळा सुटल्याचा, हे टी-टेस्ट सांगणार नाही. त्यात प्रश्नावली. रोझेनबर्गची १९६५ ची दहा विधानांची प्रश्नावलीच वापरणार असाल, सगळे तीच वापरतात. त्यात एक विधान साधारण असं आहे की 'माझ्याकडे अभिमान बाळगण्यासारखं फारसं काही नाही.' आपल्याकडच्या कुठल्याही बाईला हे वाचून दाखवा. पोरगा कलेक्टर झालेला असला तरी ती म्हणेल, "व्हय, अभिमान कशाचा ओ आपल्याला!" इथे हे बोलायची रीत आहे. प्रश्नावली त्याचा एक गुण कापते. ज्या मापाने काहीच धड मोजलं जात नाही, त्यासाठी एखादीला जुनी जखम उघडायला लावणं बरोबर नाही.

उलट बाजूही सांगते, नाहीतर वाटेल की असं मोजणं सगळंच वाईट. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय नवरा-बायकोने १९४० च्या आसपास लहान मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवून विचारलं, चांगली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती. बऱ्याच काळ्या मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हटली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, त्या निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे. संवेदनशील विषय होता, घाबरून सोडला असता तर तो आधार मिळाला नसता. पण याच कामावर नंतर टीकाही झाली, की काळी मुलं म्हणजे मनाने मोडलेली, अशी एक प्रतिमा त्यातून रुजली. मला दोन्ही पटतं. क्लार्क यांचा रोख मुलांवर नव्हता, मुलांना वेगळं बसवणाऱ्या व्यवस्थेवर होता, आणि म्हणून त्यांच्या बाजूने माझं पारडं झुकतं.

तुमचाही रोख वळवा. नाव बदललेल्या बाईला विचारा, नवं नाव कसं निवडलं, आता कोण कुठल्या नावाने हाक मारतं, जुनं नाव कुठं कुठं उरलंय. सातबाऱ्यावर? बँकेत? आईच्या तोंडी? यात ती आपल्या आयुष्याची जाणकार असते, तुमचा नमुना नसते. आणि दुसरा भाग, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो: नाव ठेवणाऱ्यांना विचारा. आज्यांना, बापांना, चुलत्यांना. पहिलीच्या हजेरीपटावर ते नाव लिहिणाऱ्या गुरुजींना विचारा की लिहिताना हात थांबला होता का. नावं ठेवणाऱ्यांचं मानसशास्त्र कुणी बघत नाही, ज्यांना ठेवली त्यांनाच सगळे तपासतात.

एक धोका मात्र. हा धागा धरला की बोलणं गर्भपातावर जाणारच. गर्भलिंग निदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. २०१७ मध्ये आपल्या शेजारी मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला बेकायदा गर्भपातांतले भ्रूण पुरलेले सापडले होते, ते तुम्हाला आठवत असेल. एखादी आजी बोलता बोलता सांगून जाईल की थोरल्या सुनेला अमुक ठिकाणी नेलं होतं. तुमच्या फोनवर रेकॉर्डिंग चालू असेल. वकिलाला असते तशी आड घ्यायला भिंत लघुप्रबंध करणाऱ्या विद्यार्थिनीला नाही. म्हणून आधीच ठरवा की गर्भपाताबद्दल मी विचारणार नाही, विषय निघाला तर रेकॉर्डिंग बंद करून तसं सांगेन. हे माहितीपत्रकात लिहा.

त्याहून कडक गोष्ट पॉक्सोची. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या या कायद्याच्या कलम १९ ने प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या नणंदेची गोष्टही यात येऊ शकते. 'तुम्ही सांगाल ते सगळं गुप्त राहील' असं वाक्य तुमच्या मसुद्यात आहे. ते खोटं आहे, खोडा. गुप्तता कुठपर्यंत आहे ते तिला आधी, तिच्या भाषेत सांगा, मग काय सांगायचं ते ती ठरवेल. आधी वचन आणि मग पोलीस, हा विश्वासघात त्या गावात पुढची वीस वर्षं कुणी विसरणार नाही. तुमच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकीला तो भोवेल.

संमती घेण्याबद्दलही थोडं. आशाताईला बरोबर नेऊ नका. ती भली असते, पण बाळंतपण, लसी, गोळ्या सगळं तिच्या हातून होतं. ती दारात उभी असताना बाई 'हो' म्हणते ते आशाताईला म्हणते, तुम्हाला नाही. तेच सरपंचांचं, तेच मावशीचं. आणि घरात बोलू नका. आपल्या घरांत माजघराला दार असलं तरी ते लावायची रीत नसते. सासू पलीकडे लसूण सोलत बसलेली असते आणि लसूण सोलायला कान लागत नाहीत. दुपारी शाळा सुटल्यावरचा वर्ग, मुख्याध्यापक देत असतील तर, सगळ्यात बरा. दिवस बुडणार असेल तर त्या दिवसाच्या मजुरीएवढे पैसे द्या. त्यापेक्षा जास्त दिले तर 'नाही' म्हणणं तिला अवघड जाईल.

एक बारीक गोष्ट नियमात सापडणार नाही. संमतिपत्राची एक प्रत भाग घेणाऱ्याला द्यावी, असा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. पण तुमच्या मसुद्याच्या माथ्यावर छापलंय, 'नकुशी नाव असलेल्या स्त्रियांचा आत्मसन्मान'. हा कागद ती कुठे ठेवणार? साड्यांच्या घडीत? तिचा मुलगा चौथीत असेल, त्याला वाचता येतं. शीर्षक बदला, 'नावं आणि आपण' असं काहीतरी साधं करा, आणि प्रत घरी न्यायची की तुमच्याकडे ठेवायची हे तिला विचारा.

ती रडली तर काय, हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत, पण ती रडेल. रडणं वाईट नसतं. गप्प बसा, पाणी द्या, रेकॉर्डिंग थांबवा, पुढे बोलायचं का विचारा. मरावंसं वाटतं असं कुणी म्हणाली तर मात्र 'हेल्पलाइनला फोन करा' म्हणून निघून येऊ नका. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चांगला आहे, तो द्याच, पण त्या संध्याकाळी तिच्या जवळ कोण असेल हे तिच्याशी बोलून ठरवल्याशिवाय उठू नका. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाशी काम सुरू करण्याआधीच बोलून ठेवा. बायका घाबरतात की असलं बोललं की पोलीस येतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालतं, शिक्षेच्या मागे लागत नाही, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

लिहिताना नावं बदलाल, ते सगळेच करतात. पण 'माण तालुक्यातील ३४ वर्षांची, पाच बहिणींमधली चौथी, अंगणवाडी मदतनीस' एवढं लिहिलंत की दहिवडीच्या स्टँडवर कुणालाही विचारा, नाव सांगतील. आपल्याकडे माणूस नावाने कमी आणि नात्याने जास्त ओळखला जातो. तालुका काढा, बहिणींची संख्या मोघम करा, व्यवसायाऐवजी 'नोकरी' लिहा. तिचं एखादं वाक्य फार चांगलं असेल आणि तेच वाक्य ती गावात नेहमी म्हणत असेल, तर तेही गाळा. गाळायला मन होत नाही, मला माहीत आहे. आणि तोंडी परीक्षा झाली की कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर होईल, मग पत्रकार फोन करतील. त्यांना काय सांगायचं नाही, हे सरांशी आजच ठरवा.

कमिटीचं काय? आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एथिक्स कमिटीत ७ ते १५ माणसं असावीत, निम्मी तरी संस्थेबाहेरची, आणि त्यात एक सामान्य माणूसही. तुमच्या कॉलेजात अशी कमिटी नसेल तर सरांनी जवळच्या वैद्यकीय किंवा समाजकार्य महाविद्यालयाच्या कमिटीकडे प्रस्ताव पाठवता येईल का, ते विचारावं. अगदीच जमलं नाही तर माण तालुक्यातल्याच दोन-तीन बायकांना, ज्या अभ्यासात नाहीत अशांना, सगळा मसुदा वाचून दाखवा. आमच्या कमिटीतल्या सामान्य सदस्य एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत. त्या प्रत्येक प्रस्तावाला एकच प्रश्न विचारतात, "ह्यात त्या बाईचं काय?" भल्याभल्या पीएचडीवाल्यांची त्यापुढे त-त-प-प होते.

मावशीला अभ्यासात घेऊ नका. ती तुम्हाला नाही म्हणूच शकणार नाही. तुम्ही तिच्या बहिणीची लेक आहात, तुमच्या फीला कदाचित तिनेच पैसे दिले असतील. तिच्या ओळखीतल्या बायकाही तिच्या शब्दाखातर येतील. तिच्याशी बोला जरूर, वही न उघडता. त्यातून सुधारलेला प्रश्न निघाला तर मला हवंच आहे.

नवा मसुदा पाठवाल तेव्हा बघते. तोवर एवढं करा. तुमच्या प्रश्नावलीच्या पहिल्या ओळीत, वयाच्याही आधी, 'नाव' असा रकाना आहे. तो काढून टाका, आणि तिथे विचारा, 'तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?'